अहमदाबादच्या ड्राइव्ह-इनला मराठीत सिनेमा लागायचा का? (आणि आपली बडोद्याची टॉकीज)

दांडियाबाजारची

नमस्कार मंडळी. घरात गेले आठ दिवस एकच वाद चालू आहे, म्हटलं इथे विचारावं, बडोद्याचे बरेच जुने लोक आहेत.

साल ७९ असेल नाहीतर ८०, मी दुसरीत. धाकट्या काकाने मित्राची फियाट मागून आणली आणि आई, बाबा, काका, आत्या, मी आणि माझा भाऊ असे सगळे कोंबून अहमदाबादला ड्राइव्ह-इनचा (म्हणजे उघड्यावर, गाडीतच बसून बघायचा) सिनेमा बघायला गेलो. काळोखात एवढा मोठा पडदा, आमच्या वाड्याच्या भिंतीपेक्षा उंच, त्यावर घोडे पळतायत. इथपर्यंत ठीक. पण मला तो सिनेमा मराठीत आठवतो! नट सगळे हिंदीतले, पण व्हिलन घोड्यावरून उतरतो आणि म्हणतो, "अरे मेल्या, पोरगी कुठाय?" आणि हिरो घरी येतो तर त्याची आई म्हणते, "आलास? आधी हातपाय धू." शपथेवर सांगेन इतकं स्वच्छ आठवतंय.

बाबा (वय ८४) म्हणतात आपण त्या ड्राइव्ह-इनच्या आत आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, तुला स्वप्न पडलं असेल. आई म्हणते गेलो होतो, मी चाळीस पुऱ्या लाटल्या होत्या, सिनेमा पण बघितला. भाऊ कॅनडात, त्याला फक्त पुऱ्या आठवतात. काका आता नाही, नाहीतर त्यालाच विचारलं असतं.

तर तिथे कधी मराठी किंवा मराठीत डब केलेलं काही लागायचं का? आणि या निमित्ताने आपल्या इथल्या टॉकीजच्या आठवणी पण येऊ द्या.

मांडवीकर

व्हिलन घडियाळी पोळेतला (पोळ म्हणजे आपली गल्ली) असणार. तिकडे अजून असंच बोलतात.

लीलो_चेवडो

हातपाय धुवायला लावणारी हिरोची आई!! असे सिनेमे निघायला हवेत.

जुना_बडोदेकर

ताई, मराठी सिनेमा तिथे लागल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, आणि मी ७६ ते ८५ नोकरीनिमित्त अहमदाबादलाच होतो. ते ड्राइव्ह-इन १९७३ साली सुरू झालं. ६६५ गाड्यांची जागा. आता विचार करा, त्या काळात आपल्या अख्ख्या गल्लीत मिळून एक गाडी नसायची आणि यांनी ६६५ गाड्यांची सोय करून ठेवली! त्यामुळे गाडीवाले कमी आणि स्कूटरवाले, चालत येणारे जास्त. लोक चटया, उशा, पाण्याचं मडकं घेऊन यायचे, पोरं पहिल्या अर्ध्या तासात झोपायची. थेपले आणि छुंद्याचा वास सगळीकडे. तेव्हा तो भाग गावाबाहेर होता, आता त्या रस्त्याचं नावच ड्राइव्ह-इन रोड आहे आणि तिथे दुपारी चार वाजतासुद्धा ट्रॅफिक जॅम.

गाडी लावायची तिथे खांब असायचा, त्यावरचा छोटा स्पीकर काढून काचेला अडकवायचा. आमच्या ऑफिसातल्या एकाने सिनेमा संपल्यावर तो परत ठेवायचा विसरून गाडी चालू केली, वायरसकट स्पीकर घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेला तर गेटवरचा माणूस म्हणाला, रोजचे एक-दोन येतात साहेब, तिथे टोपलीत ठेवा.

पाऊस आला की वायपर चालू ठेवून सिनेमा बघायचा. बॅटरी उतरली की ढकलायला आजूबाजूचे यायचे, ती एक वेगळी मजा.

नीलाताई

किती दिवसांनी असा धागा आला! ड्राइव्ह-इन आमच्या नशिबात नव्हतं पण टॉकीज म्हणाल तर अप्सरा, आराधना, नवरंग, राजश्री, सगळ्या पायाखालच्या. मॅटिनीला आम्ही पोळेतल्या आठ-दहाजणी एकत्र जायचो, स्वयंपाक आटपून, बाराच्या खेळाला. तिकिटाला बायकांची वेगळी लाइन असायची हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ती लाइन छोटी असायची म्हणून पोळेतले सगळे पुरुष आमच्याकडेच पैसे द्यायचे, "वहिनी, माझी पण चार काढा ना." एकदा सासूबाईंनी सतरा तिकिटं काढली होती, खिडकीतला म्हणाला, "बा, वरात लाव्या छो?"

इंटरव्हलला शिंगदाण्याची पुडी आणि गोल्ड स्पॉट, एक बाटली दोघींत. बाटली परत करेपर्यंत लारीवाला मागे उभा असायचा.

बाजवाडा_बॉय

सगळे रडतायत म्हणून मी उलट बोलतो. मला अजिबात आठवण येत नाही. ढेकूण विसरलात? रेक्झिन फाटलेल्या खुर्च्या, त्यातून बाहेर आलेला काथ्या, आणि तीन तासांनी घरी गेलं की आई बाहेरच कपडे काढायला लावायची, उन्हात टाकायची. मुतारीचा वास पडद्याच्या बाजूच्या दारातून सरळ पहिल्या पाच रांगांत, आणि आपली ऐपत पहिल्या पाच रांगांचीच. दीड रुपयाचं तिकीट ब्लॅकवाला पाचला विकायचा आणि आत डोअरकीपर त्याचाच मेहुणा. पंखा होता पण तो फक्त आवाज करायचा. आज मी एसीत बसतो, पाय पसरतो, आवाज छातीत घुमतो. पॉपकॉर्न महाग आहे? नका खाऊ. लीलो चेवडो घरी जाऊन खा.

लीलो_चेवडो

मला मध्ये का ओढताय

नीलाताई

@बाजवाडा_बॉय, ढेकणांचं खरंय, खोटं कशाला बोलू. आणि बायकांना अंधारात काय काय सोसावं लागायचं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आम्ही कडेच्या खुर्चीवर नेहमी सासूबाईंना बसवायचो, आणि प्रत्येकीच्या पदराला सेफ्टी पिन असायची ती काही पदरासाठी नसायची. एकदा मागच्या रांगेतला एकजण मधेच "ओय मा" करून उठून गेला तो परत आलाच नाही. सिनेमा कुठला ते विसरले, ते "ओय मा" लक्षात आहे.

तरी पण आठवण येते बाई. आता मुलगा मोबाइलवर तिकीट काढून देतो, मी एकटी जाते, शेजारी कोण बसलंय ते कळत पण नाही.

सयाजीगंज_८८

तिकिटाच्या भावावरून आठवलं, मध्ये शंभराच्या आतल्या तिकिटाला जीएसटी १२ टक्के होता आणि वरच्याला १८. २०१७ ला सुरुवात केली तेव्हा तर १८ आणि २८ होता. आता २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभरपर्यंत ५ केलाय. पण शंभराचं तिकीट शिल्लक राहिलंय कुठे ते पण सांगा की.

मांडवीकर

मंगळवारी सकाळी नऊला, पहिली रांग, मान मोडून.

ऑपरेटरचा_मुलगा

इथे फक्त वाचतो मी, लिहीत नाही सहसा, पण हा धागा बघून राहवलं नाही. माझे वडील तीसेक वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होते, टॉकीजचं नाव राहू द्या. तुम्ही सगळ्यांनी खालून बघितलंय, मी वरून, केबिनच्या चौकोनी भोकातून.

केबिनमध्ये दोन मशीनं असायची. कारण एक रीळ हजार फुटांचं, ते साधारण अकरा मिनिटांत संपतं, दोन जोडली तर बावीस, त्यामुळे अख्खा सिनेमा एका मशीनवर चालूच शकत नाही. एक संपत आलं की दुसरं सुरू करायचं, आणि खाली कोणाला कळता कामा नये. त्यासाठी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका यायचा, डोळ्याचं पातं लवेल एवढाच. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तो आला की याचं झाकण बंद त्याचं उघडं. बाबा या आठ सेकंदांत कोणाशी बोलायचे नाहीत. आम्ही घरी जेवताना पण ते मधेच गप्प झाले की आई म्हणायची, "ठिपका आला वाटतं."

उजेड दिव्याचा नव्हता, कार्बनचा होता. दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत जळणारा पांढरा लखलखाट, उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही, काळ्या काचेतूनच. कांड्या जळून आखूड होत जातात, फट वाढते, ती हाताने चाक फिरवत सारखी ठेवायची. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट आणि खालून शिट्ट्या. आणि कांडी रीळ संपेपर्यंत पुरेल एवढी नसेल तर आधीच बदलायची, मधे बदलता येत नाही, त्यामुळे बोटभर थुटकं उरायची. बाबा ती घरी आणायचे. वरून तांब्याचा पातळ पापुद्रा असायचा तो नखाने सोलायचा आणि आतल्या काळ्या कांडीने आम्ही ओटल्यावर लंगडीच्या चौकटी आखायचो. पोळेतल्या बाकीच्या पोरांकडे खडू, आमच्याकडे सिनेमाचा कार्बन. पाऊस पडला तरी पुसला जायचा नाही, आजी ओरडायची.

एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची ते पण सांगतो. इकडचा खेळ तीनला तर तिकडचा सव्वातीनला, रीळ संपलं की डबा सायकलवर टाकून पोऱ्या पळायचा. एकदा त्याची चेन पडली आणि गडबडीत डबे उलटसुलट झाले, हिरोचा बाप मरून चिता पेटून गाणं पण होऊन गेलं, आणि पुढच्या रिळात बाप ताटावर बसून पोळी मागतोय. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग बाल्कनीतून एकजण ओरडला, "अल्या, डोसो जीवतो छे!" (अरे, म्हातारा जिवंत आहे!) बाबा ही गोष्ट सांगताना अजून लाजतात, हसत नाहीत.

नंतर झेनॉनचा दिवा आला, मग डबेच गेले, सॅटेलाइटवरून आणि हार्ड डिस्कवरून सिनेमा यायला लागला. शेवटची दोन वर्षं बाबा फक्त बटण दाबायला जायचे. म्हणायचे, हे काम तुझी आई पण करेल, त्यावर आईने आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

बाजवाडा_बॉय

च्यायला. मी माझा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. ढेकूण सोडून.

जुना_बडोदेकर

सुंदर लिहिलंत. अवांतर होईल पण बडोद्याच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं म्हणून लिहितो. ज्यांना आपल्या देशातल्या सिनेमाचे जनक म्हणतात ते दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर आपल्या इथे कलाभवनात शिकत होते, १८९० च्या सुमारास. चित्रकला आणि फोटोग्राफी इथेच शिकले. कलाभवन सयाजीरावांनी काढलेलं. म्हणजे त्या ठिपक्याची सुरुवात कुठेतरी आपल्या सूरसागरजवळ झालीय म्हणायला हरकत नाही.

मांडवीकर

झालं, सगळं जग बडोद्यातच सुरू झालं. सेव उसळ राहिली.

लीलो_चेवडो

सेव उसळ इथलीच आहे, त्यात वाद नाही.

सयाजीगंज_८८

वाद आहे. मराठी मिसळीला गुजराती सासर मिळालं की सेव उसळ होते.

नीलाताई

मिसळीला पाव कुठे, फरसाण कुठे, रस्सा कुठे... वेगळा धागा काढा रे बाबांनो.

एडिसनवाला

न्यू जर्सीहून नमस्कार. मूळचा सुलतानपुऱ्याचा. ड्राइव्ह-इन ही गोष्टच आमच्या इथली बरं का. कॅम्डन म्हणून गाव आहे, तिथे १९३३ च्या जूनमध्ये जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन निघालं, हॉलिंग्जहेड नावाच्या माणसाचं. त्याने आधी घराच्या अंगणात प्रयोग केले. झाडांना चादर ठोकली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, चादरीमागे रेडिओ. पाऊस पडला तर काय दिसेल हे बघायला बागेतलं पाणी उडवायचं यंत्र गाडीवर सोडून आत बसला! पुढच्या गाडीचं टप मधे येऊ नये म्हणून गाड्यांची पुढची चाकं उंचवट्यावर चढवायची, ती युक्ती त्याचीच, त्याचं पेटंट घेतलं होतं. तिकीट गाडीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट.

सुरुवातीला स्पीकर पडद्यापाशीच मोठे लावलेले होते, म्हणजे पुढच्या गाड्यांना कान फुटेस्तोवर, मागच्यांना ओठ हलल्यावर थोड्या वेळाने आवाज, आणि आजूबाजूच्या वस्तीला फुकटात अख्खा सिनेमा ऐकू. लोकांच्या तक्रारी. मग १९४१ च्या सुमाराला गाडीत अडकवायचे छोटे स्पीकर आले, जुना_बडोदेकरांनी लिहिलेत तसले. तेव्हापासून बाहेरच्याला नुसतं चित्र.

ज्या राज्यात हे सुरू झालं तिथे आता एकच उरलंय, व्हाइनलँडला. मी पोरांना घेऊन गेलो होतो, आवाज गाडीच्या एफएमवर येतो. बायकोने थेपले केले होते. पोरं फोन बघत होती.

मांडवीकर

पण मूळ प्रश्न राहिलाच. मराठी बोलणारा व्हिलन. आपल्याकडे मराठी ऐकायचं तर गांधी नगरगृहात नाटकाला जायचं, ड्राइव्ह-इनला कशाला लागेल.

दांडियाबाजारची

अहो नगरगृहाचं नाव काढलंत, माझा हाच काका तिथे नाटकात काम करायचा! हौशी मंडळ होतं त्यांचं, गणपतीत तर हमखास. नेहमी व्हिलन किंवा आई. आईचं काम करायला बाई मिळाली नाही की हाच लुगडं नेसायचा, आवाज पण हुबेहूब काढायचा. असो, सगळे प्रतिसाद आईबाबांना वाचून दाखवतेय, बाबा म्हणतायत बघ, कोणीच म्हणत नाही मराठी लागायचा म्हणून.

ऑपरेटरचा_मुलगा

ताई, एक विचारू? त्या सिनेमातली गाणी आठवतात का तुम्हाला? एखादी तरी ओळ? घोड्यांच्या टापा, बंदुकीचा आवाज, कायपण?

दांडियाबाजारची

नाही हो. विचित्रच आहे. नाचतायत ते आठवतं, बाई गिरक्या घेतेय, पण गाणं नाही. टापा नाहीत. रातकिडे मात्र आठवतात, खूप.

ऑपरेटरचा_मुलगा

मग तुमचे बाबा पण बरोबर आणि आई पण.

तुम्ही बाहेर होतात. एडिसनवाल्यांनी लिहिलंय ना, आवाज आतल्या स्पीकरमध्ये, बाहेरच्याला नुसतं चित्र. पडदा एवढा उंच आणि तेव्हा आजूबाजूला शेतं, लांबून सहज दिसणार. बाबांनी मला केबिनमध्ये कधीकधी आवाज बंद करून रीळ दाखवलंय, फक्त मशीनची टरटर. तेव्हा पोरगं काय करतं, मनाने काहीतरी बोलणं घालतं. तुमच्याकडे तर घालायला एक नट होता बरोबर.

काकांनी केलं असणार सगळं. व्हिलन आणि आई.

नीलाताई

अगंबाई.

बाजवाडा_बॉय

ओ ताई लवकर आईला विचारा, मी ऑफिसात आहे आणि काम करत नाहीये.

जुना_बडोदेकर

शक्य आहे. आम्ही आतून बघायचो तेव्हा भिंतीपलीकडे बिड्यांचे निखारे दिसायचे, बरेच. कोण बसायचं तिथे याचा कधी विचार केला नव्हता.

दांडियाबाजारची

विचारलं. अर्धा तास झाला, आई अजून बोलतेय, मी तिच्या समोर बसूनच टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

वासदच्या पुलाच्या पुढे पंक्चर झालं होतं. तेव्हा एक्स्प्रेसवे कुठला, आणंद-नडियादवरूनच जायचं. स्टेपनी पण बसलेली. काका ट्रकमधून चाक घेऊन नडियादला गेला, परत येईपर्यंत अंधार. पोचलो तेव्हा रविवार असल्यामुळे हाउसफुल, गेट बंद. बाबा चिडले, म्हणाले आत्ताच्या आत्ता मागे फिरा. (बाबा इथे म्हणतायत, मी चिडलो नव्हतो, मी फक्त म्हणालो.) भाऊ रडायला लागला, मी पण. मग काकाने गाडी कडेला एका शेताच्या बांधापाशी नेली, आम्हा दोघांना टपावर चढवलं, मागून आत्या धरून बसली, आणि हा खाली उभा राहून सुरू झाला. सगळ्यांचे आवाज. हिरॉइनचा आत्याने काढायचं ठरलं होतं पण तिला हसूच आवरेना. आई म्हणते, दोन तास न थांबता बोलत होता, मधेच एक पुरी तोंडात टाकायचा तेव्हा व्हिलनचं तोंड पण भरल्यासारखं वाटायचं. शेजारी चार-पाच गुजराती लोक बसले होते बिड्या ओढत, त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं तरी ते याच्याकडेच बघत होते, पडद्याकडे नाही. जाताना एकाने त्याला बिडी दिली.

बाबांना विचारलं, तुम्ही कुठे होतात? तर म्हणाले मी गाडीत बसून राहिलो, मला नाही आवडत असलं. आई म्हणाली खोटं, "हातपाय धू" हे वाक्य यांनीच आतून टाकलं होतं.

बाबा काही बोलत नाहीयेत. पेपर वाचतायत. पेपर कालचा आहे.

मांडवीकर

ठिपका आला वाटतं.

लीलो_चेवडो

चाळीस पुऱ्यांबरोबर भाजी कुठली होती ते मात्र कोणी विचारलं नाही.

दांडियाबाजारची

बटाट्याची, सुकी. भावाने कॅनडाहून आत्ताच मेसेज केलाय, हिंग जास्त झाला होता म्हणून.